दोन आळ्यांचा मापाडी

आपल्या जातीचं रडगाणं गाणारी माणसं आमच्या बीड जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतात. दुसऱ्याच्या जातीचं रडगाणं, तेही डोळ्यांत पाणी आणून गाणारा माणूस मात्र मी उभ्या जन्मात एकच पाहिला. तालुक्याच्या मोंढ्यात तो मापाडी होता. शेतकऱ्यानं आणलेली ज्वारी, बाजरी, तूर काट्यावर चढवायची, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हा त्याचा धंदा. शेतकऱ्याला वाटायचं हा आडत्याचा माणूस, आडत्याला वाटायचं हा शेतकऱ्याचा. अशा शिव्यांवर पोसलेला माणूस घरी बसला तरी त्याचे हात काही स्वस्थ बसेनात. दोन म्हशी, दोन पुढारी, दोन सुना, काहीही दोन एका ठिकाणी दिसलं की दोन्ही तळवे पुढं पसरून त्यांचं वजन केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि गावात सगळ्यांत मोठ्या अशा दोनच गोष्टी होत्या, वरली आळी आणि खालची आळी.

आता या आळ्या म्हणजे दोन जाती. नावं मी घेत नाही. जिल्ह्यातल्या माणसाला ती सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगितली तर त्याला नसता कळवळा यायचा. मापाडी वरल्या आळीचा आणि मी खालच्या, एवढं कळलं तरी पुरे. दोन्हीकडं कोरडवाहू रानं आहेत, दोन्हीकडची माणसं दसरा झाला की बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात, दोन्हीकडचा एकेक पुढारी पांढऱ्या गाडीतून फिरतो, आणि आपल्याइतकं नागवलेलं या भूतलावर दुसरं कोणी नाही अशी दोन्हीकडं पक्की खात्री आहे.

आमची दोस्ती कशी झाली ते सांगतो. मी शाळेतून निवृत्त झालो त्या सुमाराला एके सकाळी हा माझ्या ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, खरं बोलू का? तुमच्या आळीचं लई वाईट हाय." आता दारी आलेल्या माणसानं असं म्हटल्यावर आपण हो म्हणायचं नसतं. पाहुणा पोट भरलं म्हणाला तरी आपण "कुठं भरलं" म्हणून आणखी एक भाकरी टाकतोच की. त्या रीतीनं मी म्हणालो, "छे हो मापाडी, आमचं काय एवढं? तुमच्या आळीची परवड तर बघवत नाही." झालं. त्याला ते भलतंच लागलं. दुसऱ्या दिवशी तो पुरावे घेऊन आला, तिसऱ्या दिवशी मीही तयारीत बसलो. तेव्हापासून वरल्या आळीचा मापाडी खालच्या आळीची वकिली करायचा आणि खालच्या आळीचा मी वरलीची. आमची ही चहा ठेवताना म्हणायची, "लोक स्वतःच्या घरचं रडत्यात. तुम्हा दोघांना मेलं तेही दुसऱ्याचं लागतं."

त्याची बोलायची तऱ्हा मोंढ्यातली. मोंढ्यात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. अशुभ नको म्हणून. हा दुःखंसुद्धा त्याच चालीवर मोजायचा. "लाभ. तुमच्या आळीत दसऱ्यानंतर घराघराला कुलूप. मागं राहती एक म्हातारी अन् एक शेरडी."

"तुमच्याकडं तर म्हातारीसुद्धा जाते ऊस तोडायला," मी म्हणे.

"दोन. तुमच्या पोरींची बारावीच्या आतच शाळा सुटती."

"तुमच्या पोरी बारावीपर्यंत पोचतात तरी कुठं?"

"पोचत्यात की. लई हुशार हायेत आमच्या पोरी," असं तो एकदा छाती फुगवून बोलून गेला, आणि दुसऱ्याची वकिली सोडून आपण आपल्याच आळीची फुशारकी मारली हे ध्यानात येताच त्यानं जीभ चावली. "ह्ये धरू नका गुरुजी. चुकून आलं." मी धरलं नाही. वकिलानं वकिलाला एवढं सांभाळून घ्यावंच लागतं.

लग्नसराईत तर त्याचा मुक्काम पंगतीतच. जेवणाची हाव त्याला नव्हती, तो अभ्यासाला जायचा. त्याचा सिद्धांत असा होता की समाजाची स्थिती मांडवावरून कळत नाही, बँडवरून तर नाहीच नाही. ती वाढप्याच्या मानेवरून कळते. दुसऱ्यांदा बुंदी मागितली की वाढपी काय करतो ते बघायचं. मागं वळून यजमानाकडं न बघता वाढली तर घर सुखात. बघून वाढली तर ओढाताण. ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढं गेला तर समजायचं, रान गहाण पडलं. या परीक्षेसाठी तो दोन्ही आळ्यांच्या प्रत्येक लग्नात दोनदा, शंका राहिली तर तिसऱ्यांदाही बुंदी मागायचा. एका वैशाखात त्याचं पोट असं बिघडलं की त्याला उठता येईना. मी बघायला गेलो तर खाटेवरून म्हणतो कसा, "समाजासाठी सोसावं लागतं गुरुजी. पन एक कळलं. औंदा दोन्हीकडचे वाढपी मागं वळून बघायलेत."

पुढं त्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं तेही अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. भेटायला गेलो तर हा टाके सांभाळत, भिंतीला धरून सगळा वॉर्ड हिंडून आलेला. कुठल्या खाटेवर कुठल्या जातीचा माणूस, कुणाच्या डब्यात काय, सगळं त्याला पाठ. जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "त्यो खिडकीजवळचा तुमच्यातला. हा दारापाशी आमच्यातला. दोघंबी ऊसतोडे. दोघांच्या उशाला बायका बसल्यात, अन् दोघींचीबी गर्भाची पिशवी काढलेली हाय, तिशीच्या आत. इथं काटा बराबर." एरवी मी लगेच उलटा मुद्दा काढला असता. त्या दिवशी मात्र विचारलं, "तुमच्या उशाला कोण आहे?" बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात गाडी चालवतो. त्यानं उशाच्या स्टुलाकडं बोट केलं. त्यावर त्यानं स्वतःची टोपी ठेवली होती. म्हणाला, "लोकाला वाटतं, मानूस आत्ताच उठून भाईर गेलाय."

मग मागची दोन-चार वर्षं आली. ती कशी आली हे मी सांगायला नको. आरक्षणाचे मोर्चे निघाले, सभा झाल्या, निवडणूक झाली, आणि ज्या गावात एकच हॉटेल होतं तिथं दोन झाली. खालच्या आळीचा माणूस वरल्या आळीच्या दुकानातून मीठ घेईना. वरल्या आळीचे लोक दाढी वाढवून फिरू लागले, कारण न्हावी बसायचा आमच्या बाजूला. मापाडी बिचारा अर्धा कप इकडं प्यायचा, अर्धा तिकडं. असं किती दिवस चालणार होतं?

त्यातच वरली आळी किती मागासलेली आहे ते बघायला सरकारचा माणूस आला. आळीनं आदल्या दिवशीच तयारी केलेली. नव्या मोटरसायकली कडब्याखाली गेल्या, फ्रिजवर गोधड्या पडल्या; एकानं तर पक्क्या घराला कुलूप लावून म्हशीच्या गोठ्यात संसार मांडला. मापाड्याकडं लपवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून त्याला कुणी काही शिकवलं नाही. तिथंच घात झाला. त्या माणसानं नम्रपणे विचारलं, "बाबा, तुमच्या समाजाची परिस्थिती कशी आहे?" हा प्रश्न त्याला असा सरळ कुणी जन्मात विचारला नव्हता. आपण कुठं बसलोय, कोण ऐकतंय, सगळं विसरून त्यानं तळवे पसरले. "लाभ. आमचं बरं हाय साहेब. परवड बगायची आसंल तर खालच्या आळीत चला." पुढं पाऊण तास खालच्या आळीची दुःखं त्यानं अशी सांगितली की सरकारचा माणूस लिहायचं थांबवून ऐकत राहिला. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोनमध्ये मापाडी बोलत होता.

वरल्या आळीनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांची त्याला सवय होती. त्यांनी बोलणंच टाकलं. लग्नपत्रिका त्याच्या दारावरून पुढं जाऊ लागल्या. आमच्या आळीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सभेत कर्ण्यावरून त्याचं बोलणं लावलं आणि चार पुढारी शाल-श्रीफळ घेऊन त्याच्या घरी गेले. त्यानं शाल घडी मोडायच्या आत परत दिली. म्हणाला, "तुमी अर्धंच ऐकलंय. ऱ्हायलेलं अर्धं गुरुजीकडं हाय. त्येबी लावा कर्ण्यावर."

ते ऐकून मला राहवेना. मी आमच्या आळीच्या हॉटेलात गेलो आणि उभा राहून वरल्या आळीची सगळी परवड सांगितली, एवढ्या वर्षांत पाठ झालेली. एकाचाही फोन वर उठला नाही. हॉटेलवाला एवढंच म्हणाला, "गुरुजी, च्या निवायलाय तुमचा." घरी आलो तर पुतण्या येऊन बसलेला. मान खाली घालून म्हणाला, "काका, नातीची सोयरीक चालू हाय आपल्या. जरा दमानं घ्या. त्या मापाड्याला ओट्यावर नका बसवू." मी भडकलो. माझ्या ओट्यावर कुणी बसायचं ते मी ठरवीन, म्हणून सांगितलं. पण गावात भिंतींनाही तोंड असतं. दुसऱ्या दिवशी मापाडी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो, तर दार अर्धंच उघडून आतून म्हणतो, "हितं कावून आलात? पोरीचं लग्न होऊ द्या आदी."

"मी रोज येणार," मी म्हणालो.

"मंग मी पुन्याला जातो पोराकडं."

पुणं म्हणजे त्याला काळं पाणी. तो खरंच जाईल या भीतीनं मी परतलो. त्यानंतरच्या सकाळी मी ओट्यावर एकटाच बसायचो. चहा एकच कप यायचा, आणि तो प्यावासा वाटायचा नाही.

वाट काढली ती त्यानंच. आम्ही दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे, एस.टी. आम्हाला फुकट. त्यानं निरोप पाठवला, "सरकार आपल्याला फुकट फिरवायलंय, आळी बगून न्हाई." आता बाजाराच्या दिवशी मी गावातून अंबाजोगाईच्या बसमध्ये बसतो. हा आधीच चालत फाट्यावर जाऊन टपरीच्या मागं उभा असतो. तालुक्याच्या बाजाराला जाणारी गावची माणसं तिथं उतरून गेली की चढतो, सगळी बस निरखून बघतो आणि माझ्याशेजारी टेकत परक्या आवाजात विचारतो, "कुठं निगालात पाव्हणं?" मी म्हणतो, "डोळे दाखवायला." तो म्हणतो, "आमीबी." दोघांच्याही डोळ्यांना काही झालेलं नाही. अंबाजोगाईला स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसतो. तिथं आम्ही कुठल्या आळीचे हे कुणाला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची कुणाला हौसही नाही.

पहिल्या वेळी मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "हं, बोला मापाडी. आता कुणाची भीती? सुरू करा आमच्या आळीपासून." त्यानं तळवे उघडले, त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"नगं गुरुजी. आज नुसतं बसू."

"का हो?"

"बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. सकाळ झाली की कुटंतरी जावं वाटायचं. पन लोकाच्या ओट्यावर रोज रिकाम्या हातानं कसं जावं? म्हनून तुमच्या आळीचं दुख घेऊन यायचो." मग बशीत चहा ओतत म्हणाला, "खोटं काय न्हवतं त्यात. पन यायचो ते बसायला."

मग मीही बशीत चहा ओतला. दुपारच्या बसची वेळ होईपर्यंत आम्ही तिथं बसून राहिलो. पोऱ्यानं दोनदा फडकं मारून टेबल पुसलं तरी उठलो नाही.

परतताना तो फाट्यावरच उतरतो. तिथून गाव चांगलं लांब, आणि ऊन मी म्हणत असतं. मी दर वेळी सांगतो, "मीही उतरतो, दोघं चालत जाऊ." तो खांद्यावर हात दाबून मला खाली बसवतो. "दोघांनीबी पाय कावून भाजून घ्यायचे? एकानं तरी दारात उतरावं." फाट्यावर तालुक्याच्या बाजाराहून परतणारी आमच्या गावची माणसं उभी असतात, दोन्ही आळ्यांची, दोन घोळक्यांत. ती बसमध्ये चढेपर्यंत तो टपरीच्या मागं जाऊन उभा राहतो आणि माझ्या खिडकीकडं पाठ करून भलतीकडंच बघत राहतो.

बस खच्चून भरते. माझ्याशेजारच्या जागेवर मी तोवर माझा रुमाल टाकलेला असतो. कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, कोन बसलंय का हितं?"

"बसलंय," मी सांगतो, आणि गाव येईपर्यंत रुमाल उचलत नाही.