बोट सुटेना

ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मोठ्या मांडवात, जेवताना मी साहेबांबद्दलच्या ऐन तक्रारीत असले, की ताई एकदम बोट वर करायच्या. मी गप्प. कुठल्याशा झाडातून कोकीळ ओरडत असायचा. तो थांबला की म्हणायच्या, "हं, मग काय म्हणाला साहेब?"

पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात त्या हिशेबतपासनीस होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेले वडील आणि त्यांच्यासाठी ठेवलेली म्यानमारची हेल्पर. रविवारी दोन तास पक्षी बघायचे, एवढीच काय ती चैन. कुणी मदत देऊ केली की ठरलेलं उत्तर, "नको गं, लोकांना त्रास नको." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

नऊ वर्षांनी त्यांनी पहिली मोठी रजा घेतली ती मीच मागे लागले म्हणून. पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपबरोबर आम्ही दोघी निघालो: उत्तर जपानमधले डोंगर, मग एक लहानसं बेट, असे आठ दिवस. शनिवारी परत यायचं, कारण रविवारी हेल्पर आजारी आईला भेटायला गावी जाणार होती.

डोंगरावर बर्फाच्या कडेला, खुरट्या झुडपांसमोर त्या तासभर हलल्या नाहीत. लाल पक्षी दिसला तेव्हा आधी आम्हा सगळ्यांना दाखवला, मग स्वतः पाहिला.

बेटावर संध्याकाळी हजारो समुद्रपक्षी चोचीत मासे धरून परततात. ते बघायलाच तर आम्ही गेलो होतो. नेमका तेव्हाच हेल्परचा व्हिडिओ कॉल आला. आजोबा जेवत नव्हते.

"बाबा, आ करा. हे बघा, किती पक्षी!" त्यांनी फोन आकाशाकडे धरला. डोक्यावरून पंखांचा नुसता सोसाटा चालला होता.

"पंखा कमी कर," पलीकडून आवाज आला. "वारा लागतोय."

आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण घास पोटात जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, आणि तोवर अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बोट रद्द. तिसऱ्या दिवशीही रद्द. आमचं विमान चुकणार हे नक्की झालं. बाकीचे पत्ते खेळत बसले. त्या मात्र धक्क्यावर उभ्या राहायच्या, तिकिटाच्या खिडकीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. दहा पावलांवर भिंतीच्या आडोशाला एक दमलेला, वाट चुकून आलेला दुर्मिळ पक्षी बसला होता. ग्रुपमधल्यांनी त्याचे फोटो काढले. त्यांनी दुर्बीण उचललीसुद्धा नाही.

"तिला थांब म्हणू का गं? तिची आई वाट बघत असेल." मग हळूच, "मी यायलाच नको होतं."

"ताई, माझ्या नवऱ्याला पाठवते. आमच्या हौगांगच्या घरून किती लांब आहे?"

"नको, लोकांना..." वाक्य पुरं झालं नाही. धक्क्यावरच्या दोरांच्या ढिगावर त्या बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मग म्हणाल्या, "त्यांना वरण पातळ लागतं. आणि औषध आधी."

नवरा गेला. हेल्पर ठरल्याप्रमाणे विमानात बसली. दोन रात्री तो तिथे राहिला. आजोबा त्याला लिफ्ट दुरुस्त करणारा समजले आणि प्रत्येक घासाला विचारत राहिले, "झाली का हो चालू?"

सोमवारी संध्याकाळी आम्ही विमानतळावरून टॅक्सीने थेट सेरंगूनला गेलो. वाटभर त्या, आता बाबांकडून काय काय ऐकून घ्यावं लागेल, याची मनात तयारी करत होत्या. बूट काढून धावतच खोलीत शिरल्या.

आजोबांनी मान वळवली. "आज ऑफिसात उशीर झाला?"



"हो बाबा. झाला थोडा."

हात धुऊन त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातातली वाटी घेतली आणि त्या पलंगाच्या काठावर बसल्या. गळ्यातली दुर्बीण वाकताना पलंगाच्या दांडीवर आपटली. त्यांनी ती एका हाताने पाठीमागे सारली आणि म्हणाल्या, "आ करा."