चहानंतरची सभा

"तू आत येऊन काय करणार गो? इथं बस. चपलांवर लक्ष ठेव, कुत्री पळवतात."

उपसरपंच ग्रामपंचायतीच्या दारात उभे राहून हे म्हणाले. रागानं नाही. हसत हसत, घरातल्या बाईला काम सांगावं तसं. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. तो मी मागे घेतला. "व्हय, भाऊ," म्हणाले आणि पायरीखाली उकिडवी बसले.

त्या दिवशी मी धुतलेलं पातळ नेसून गेले होते. वाडीच्या पाण्याच्या नळाबद्दल बोलायचं होतं. काय बोलायचं ते वाटेत मनात तीनदा घोळवलं होतं. मी कामं आधी लावून ठेवणारी बाई. वाडीत कोणाचं रेशनकार्ड फाटलं, कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणती बाळंतीण पेणच्या दवाखान्यात न्यायची, सगळं माझ्याकडे. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली, बचत गटाची सचिव, वाडीची पुढारी म्हणा ना. आणि गावातल्या माणसानं बस म्हटलं तर बसले. डोक्याला विचार करायला वेळही दिला नाही. गुडघे आपोआप वाकले.

आमची वाडी कातकऱ्यांची. पेण-रोहा रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याशी. ग्रामपंचायत खाली गावात. ग्रामसभा असली की शिपाई वर यायचा, माणसं पाठवा म्हणायचा. आम्ही जायचो. अंगणात, पायरीखाली बसायचो. शिपाई बाहेर येऊन सह्या-अंगठे घ्यायचा. मग चहा यायचा. चहा पिऊन आम्ही घरी. आमच्या आयाबापांपासून हेच.

आमचं असं का व्हायचं, ते सांगायला हवं. आमच्या वाडीत जातपंच बसतात तेव्हा आधी बोलणं होतं. सोयरीक असो, भांडण असो. सगळं मिटलं की शेवटी चहा. चहा आला म्हणजे विषय संपला, उठायचं. चहा झाल्यावर कोणी परत तोंड उघडलं तर त्याला वेडा म्हणतात. म्हणून गावातही चहा आला की आम्ही समजायचो, सभा झाली. आपल्याला विचारायचं काही नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

त्या दिवशीही चहा झाला आणि बाया उठल्या. ठमीआत्या माझ्यासाठी थांबली. ठमीआत्या आमच्यातली सगळ्यात मोठी, तोंडाची फटकळ. "चल गो, झाली सभा." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. चपलांचं काम सांगितलंय असं तिला म्हणवलं नाही. कोणाची तरी वाट बघतेय असं काहीतरी पुटपुटले.

मग मी एकटी. समोर चपलांचा ढीग. आणि मला ढीग बघवत नाही. घरातही नाही, अंगणवाडीतही नाही. मी चपला लावायला लागले. जोड्या शोधल्या, डावी-उजवी जवळ केली, भिंतीकडे ओळ धरली. कोणी सांगितलं नव्हतं. लक्ष ठेव एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं केलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

खिडकी डोक्यावरच होती. आत आवाज वाढला, तेव्हा मला कळलं, सभा आता सुरू होतेय.

गटारांचं झालं, शाळेच्या कुंपणाचं झालं. मग ग्रामसेवक वाचू लागले. कातकरीवाडीमागची माळाची जागा पडीक आहे, कोणाच्याही वापरात नाही. पलीकडे मुंबईवाल्यांचे बंगले होणार, त्यांच्या रस्त्यासाठी ती द्यायला ग्रामसभेची हरकत नाही. कोणीतरी म्हणालं, वाडीवाले काय म्हणतील? उपसरपंच म्हणाले, "वाडी येऊन गेली की. चहा पिऊन गेली."

आत हशा झाला.

त्या माळावर आमची माणसं पुरलेली आहेत. आमच्यात पुरतात. माझी आय तिथं आहे. ठमीआत्याचा नवरा तिथं आहे. वाडीत ज्याच्या घरचं कोणी तिथं नाही असं घर नाही.

मी उठायला हवं होतं. दार दोन पावलांवर होतं, उघडं होतं. माझ्या हातात कोणाची तरी चामड्याची चप्पल होती. मी ती खाली ठेवली, तिच्या जोडीशेजारी, नीट. आणि दुसरी उचलली.

सभा सुटली. माणसं बाहेर आली आणि ओळ बघून थबकली. उपसरपंचांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, काम सांगितलं की चोख करतात ही माणसं. उगाच नावं ठेवता."

मी हसले. ते कौतुक ऐकून मी हसले. शिव्या दिल्या असत्या तर कदाचित रडले असते, ओरडले असते. कौतुकाला काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

वाडीत गेले, ती सरळ ठमीआत्याकडे. चुलीपाशी बसले आणि सांगितलं, रस्ता माळावरून जाणार, ठराव झाला. ती म्हणाली, कधी झाला? मघाशी तर आपण तिथंच होतो. मी म्हटलं, आत्या, सभा चहानंतर होते.

तिनं चुलीत लाकडं सारली. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वरसं आपण नुसता चहा पिऊन आलो? त्यात दूध पण नाय."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. तेव्हा मी चपलांचं सांगितलं. ओळ लावल्याचंही सांगितलं. मला वाटलं ती थुंकेल. ती म्हणाली, "मी पण बसले हाय तिथं. माझी सासू पण बसलेली. त्यात सांगायचं काय, म्हणून कोण बोललं नाय."

माझ्या लाजेत मी एकटीच आहे असं वाटत होतं. नव्हते. पण त्यानं बरं वाटलं नाही. जास्त वाईट वाटलं. तिघी बाया, तीन पिढ्या, आणि एकीनं दुसरीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. पेणला तहसील कचेरीत जाऊन विचारून आले. हरकत घ्यायची तर ग्रामसभेत घ्या, उभं राहून, नोंद करून घ्या, असं तिथल्या बाईनं सांगितलं. म्हणजे आत जायला हवं. आत बसायला हवं.

हे ऐकायला सोपं वाटतं. आम्ही वाडीत बसायची तालीम केली. खरंच केली. एका लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या परत जायच्या होत्या, त्या अडवून ठेवल्या. बाया खुर्चीच्या कडेला टेकायच्या आणि कोणी समोरून आलं की घसरून खाली उकिडव्या व्हायच्या. शरीरच ऐकत नव्हतं. ठमीआत्या तर पाय वर घेऊन खुर्चीवरच उकिडवी बसली. "पडले तर हाड मोडंल, मग मलाच माळावर न्याल," म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पण बसून बघितलं. सगळ्यांना शिकवणारी मी, माझीही पाठ टेकत नव्हती. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ठरवली. चहा बाहेर घ्यायचा नाही.

पुढच्या सभेला शिपाई ट्रे घेऊन अंगणात आला. मी म्हटलं, चहा आत घेऊन ये, सगळ्यांबरोबर घेऊ. तो ट्रे धरून तसाच उभा राहिला. आम्ही त्याच्या बाजूनं आत गेलो. पुरुषही आले, पण पुढे बाया होत्या. खुर्च्या भरलेल्या. कोणी सरकलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "आज वाडीचं लगीन हाय काय?" आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

उपसरपंच म्हणाले, "सगळे आत आलात, मग बाहेर कोण?"

"बाहेर कोणी नाय, भाऊ. वाडी आत आलेय."

माझा आवाज चिरकला. घोळवून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, माळ वापरात नाही असं तुम्ही लिहिलंय. माझी आय तिथं आहे. हरकत लिहून घ्या.

उपसरपंचांनी ग्रामसेवकाकडे बघून विचारलं, पुरलंय याला पुरावा काय? दगडावर काही नाव आहे का? आम्ही नुसता दगड ठेवतो. नाव लिहीत नाही, कोणाचा कुठला ते सगळ्यांना माहीत असतं. नाव नाय, म्हणाले मी. मागे हसू फुटलं. गुडघे परत वाकायला लागले, मला कळत होतं.

ठमीआत्या पुढे झाली.

"खणून दाखवते. माझा नवरा हाय तिथं, कवटी तुझ्या हातात देते. तूच तपास, वापरात हाय का नाय."

कोणी हसलं नाही. ग्रामसेवकानं पेन उघडलं. मी म्हटलं, लिहिलेलं वाचून दाखवा. त्यानं वाचलं. मी म्हटलं, कातकरीवाडीची दफनभूमी, हे शब्द राहिले. त्यानं ते घातले. सभा संपेपर्यंत आम्ही हललो नाही. चहा आत आला नाही.

त्या हंगामात गावानं आम्हाला भाताच्या लावणीला बोलावलं नाही. आमच्या बाया हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यांत माती मळायला गेल्या. उपसरपंच रस्त्यात भेटले की मान फिरवतात. काही बाया मला म्हणाल्या, कशाला डिवचलंस. त्यांची चूल थंड राहिली, त्या बोलणारच. मी ऐकून घेतलं.

हरकत लिहिली गेली, पण ठराव अजून तसाच आहे. माळाच्या कडेला कोणीतरी सिमेंटचे खांब आणून टाकलेत. आणि माझी लाज गेलेली नाही. आजही गावातला कोणी माणूस मोठ्यानं बोलला की आधी माझे गुडघे सैल होतात, मग मी उभी राहते. हा मधला क्षण मला रोज दिसतो. तो मी वाडीतल्या मुलींपासून लपवत नाही. आमच्या आयांनी लपवला म्हणून आम्ही बाहेर बसलो.

पुढच्या सभेला आम्ही आत असू. त्याच्या पुढच्याही. ठराव रद्द केल्याचं वाचून दाखवेपर्यंत प्रत्येक सभेला. आणि मधल्या काळात वाडीत कोणी गेलं, तर खांब बाजूला करून माळावरच पुरू. परवानगी मागणार नाही.