पाच छोटे कॉल

"त्या मंगळवारी माझा फोन चालू हुता, एवढंच लिहून द्या. बिलाचं मागनं बघू."

कांबळे गुरुजी माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. हातात दोन महिन्यांचं टेलिफोन बिल होतं, त्याची घडी घामानं ओली झाली होती.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट कंट्रोलला होतो. म्हणजे फोन बंद पडला की लोक ज्याला शिव्या घालतात तो माणूस. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुनं खडखडणारं एक्स्चेंज जाऊन नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं होतं आणि आमची कॉलर जरा ताठ झाली होती.

"कशाला पाहिजे असं पत्र?" मी विचारलं.

"पोलीस स्टेशनला द्यायचंय."

मग त्यांनी सांगितलं. ते प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. एकुलती एक मुलगी सुजाता, गडहिंग्लजला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. तिचा रक्तगट सहजासहजी न मिळणारा, आणि बापाचा नेमका तोच. म्हणून बोलणं झालं होतं की गरज पडली तर जावई मिलिंद फोन करेल आणि गुरुजी मिळेल त्या गाडीनं निघतील.

"मंगळवारी दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. जावई म्हणतोय, अकरापास्नं साडेबारापर्यंत पाच येळा फोन केला. मी घरातच हुतो, साळोखे साहेब. फोनच्या शेजारच्या खुर्चीत. एकदाबी वाजला न्हाय. साडेतीनला त्याचा मित्र मोटारसायकलवरनं सांगाय आला. मी पोचलो तवा अर्धा तास झालता तिला जाऊन."

मी खुर्ची पुन्हा पुढे केली. ते उभेच राहिले.

"खोटं बोलतोय त्यो," गुरुजी म्हणाले. "फोन केलाच न्हाय. मी तक्रार दिलीया. नात माझ्याकडं हाय. दोन महिन्याची झाली, अजून बापाला तिचं तोंड दाखवलं न्हाय. दारातनं परत पाठवतोय. तुमचं पत्र मिळालं की केस पक्की हुईल."

मी रजिस्टर काढलं. त्या आठवड्यात त्यांच्या नंबरची एकही तक्रार नव्हती. लाइन ठणठणीत. मी लेटरहेड पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. दोन ओळी लिहून मी मोकळा झालो असतो.

सहज बिलाकडे नजर गेली. एका निवृत्त शिक्षकाच्या घरी येईल असा आकडा नव्हता तो.

"हे बिल नेहमी एवढं येतं?"

"न्हाय. तेबी चुकलंय. पण त्याचं काय घिऊन बसलाय?"

त्यांना बाकावर बसवलं आणि कॉम्प्युटर रूममधून डिटेल्ड बिल काढून आणलं. नव्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक एसटीडी, म्हणजे बाहेरगावच्या कॉलची नोंद व्हायची: कुठला नंबर, किती वाजता, किती वेळ. सोमवारी दुपारपासून बुधवारपर्यंत सगळे कॉल कानपूरच्या एकाच नंबरला. वीस मिनिटं, पस्तीस मिनिटं, चाळीस मिनिटं.

मंगळवारच्या सकाळी मात्र त्याच नंबरला मध्येच पाच कॉल वेगळे होते. अकरा वाजून चार मिनिटं. अकरा दहा. अकरा एकतीस. बारा दोन. बारा सव्वीस. एकही अर्ध्या मिनिटाच्या वर नाही.

मी बाकाकडे गेलो.

"गुरुजी, सोमवारी तुम्हाला कुणाचा फोन आला होता?"

"तुमचाच की. एक्स्चेंजमधनं. नवीन मशीनचं टेस्टिंग चाललंय म्हणाला. काही आकडे सांगितले, ते दाबा, मग रिसीव्हर ठेवा. दोन दिवस रिंग वाजणार न्हाय, काळजी करू नका म्हणाला."

"आणि तुम्ही दाबलेत?"

"दाबले की. उचलला की टोन तुटक तुटक यायचा. म्हटलं टेस्टिंगच चालू असंल. बुधवारी पुन्यांदा फोन आला, दुसरे आकडे सांगितले. मग झालं सुरळीत."

नव्या एक्स्चेंजमध्ये कॉल फॉरवर्डिंग नावाची सोय होती. ठरावीक आकडे दाबले की तुमच्या घरी येणारा फोन परस्पर दुसऱ्या नंबरवर जातो. तुमच्याकडे रिंग वाजत नाही. तो पुढचा प्रवास एसटीडी असेल तर त्याचं बिल तुमच्या नावावर. आमच्या नावानं फोन करणाऱ्या त्या भामट्यानं गुरुजींचा फोन त्यांच्याच हातानं कानपूरला वळवून घेतला होता. मग तो कोल्हापुरातून गुरुजींचा नंबर फिरवायचा आणि लोकल कॉलच्या पैशात तासन्‌तास कानपूरला बोलायचा.

त्या दोन दिवसांत गुरुजींना आलेला प्रत्येक फोन तिकडेच गेला होता. मिलिंदचेसुद्धा. पाचही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुम्ही शिकलेली माणसं. कुणीही सांगितलं की आकडे दाबायचे?"

गुरुजींनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मागच्या वर्षी तुमी सांगितल्यावरबी दाबलेच हुते की. तवा तर नावबी सांगितलं न्हवतं. हॅलो, एक्स्चेंज, टेस्टिंग, एवढंच."

खरं होतं. आमची तीच पद्धत. रिसीव्हर उचला, एक दाबा, ठेवा. नाव सांगायचं नाही, कारण सांगायचं नाही, उलट विचारलं तर खेकसायचं. आठ-आठ वर्षं वाट बघून फोन मिळालेली माणसं निमूट ऐकायची. या आज्ञाधारकपणाची आम्हाला गंमत वाटायची. भामट्यानं नवीन काही शोधलंच नव्हतं, आम्ही लावलेली सवय तेवढी वापरली.

मी आमच्या इंजिनिअर साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद बघितला.

"आकडे कुणी दाबले?"

"गुरुजींनी."

"मग बिल कायम. आणि ते पाच कॉलचं सांगत बसू नका. उद्या आपल्यावर शेकेल."

"शेकू दे की साहेब. दोन महिने जावयावर शेकतंयच."

ते फाइल वाचायला लागले. मी बाहेर आलो.

सांगावं की नाही, हा विचार मी केला. खोटं कशाला बोलू? गप्प राहिलो असतो तर त्या माणसाच्या मनात जावईच गुन्हेगार राहिला असता, तो स्वतः नाही. पण दोन महिन्यांची पोर बापापासून तोडलेली होती. मी गुरुजींच्या शेजारी बसलो आणि त्या पाच ओळींवर बोट ठेवून सगळं सांगितलं.

त्यांनी त्या वेळा एकेक करून वाचल्या. दोनदा बोटावर मोजल्या.

"अकरा चारला मी पेपर वाचत हुतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "मिलिंदबी म्हणत हुता, कोणतरी हिंदीत बोलायचं आन ठेवून द्यायचं. मला वाटलं रचून सांगतोय."

ते रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

उठताना म्हणाले, "पत्र द्याच. पण आता असं लिहा, की फोन केलते म्हणून. मला तक्रार मागं घ्यायची हाय."

असं पत्र द्यायचा मला अधिकार नव्हता. साध्या कागदावर लिहिलं. खाली सही केली.

"नाव लिहा," गुरुजी म्हणाले. "कुणी सांगितलं ते कळू दे."

मी पूर्ण नाव लिहिलं.

त्यांनी बिल भरलं, एका शब्दानं घासाघीस केली नाही. पुढच्या आठवड्यात फोन सरेंडर करायला आले तेव्हा बरोबर मिलिंद होता, बाळ त्याच्या खांद्यावर होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. फॉर्मवर कारण लिहायच्या जागी गुरुजींचं पेन अडलं, तेव्हा मिलिंदनं बाळ त्यांच्याकडे दिलं आणि उरलेला फॉर्म स्वतः भरला. भामटा सापडला नाही. कानपूरच्या नंबरवर नंतर कुणी उचललंच नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत टेस्टिंगचा प्रत्येक फोन मी एकाच पद्धतीनं केला. आधी पूर्ण नाव, मग "खात्री नसेल तर ठेवा, आणि तुम्हीच एक्स्चेंजला फोन करून मला मागा." सहकारी हसायचे. असा पहिला फोन मी गुरुजी येऊन गेल्यावर आठवड्याभरानं एका बाईंना केला. त्यांनी मला नाव पुरं करू दिलं नाही.

"अवो, एक्स्चेंजमधनं बोलतायसा न्हवं? मग नाव कशाला सांगत बसलाय? काय दाबायचं त्येवढं सांगा की."