लॉग येणार की लोक येणार?

बायांनो, आज माझी लई फजिती झाली, सांगितल्याशिवाय राहवंना.

नात पुण्याहून आलीय, कॉम्प्युटरवरचं काम सोबत घेऊन. सकाळी फोनवर साहेबांना म्हणाली, "दुपारी लॉग येतील, मग बघू." मला ऐकू आलं, लोक येतील!

म्हटलं, स्थळ आलं. आमचे हे गेल्यापासून घरी येतंय कोण? मी आनंदानं पातेलंभर पोहे केले, ठेवणीतले कप धुतले.

"आजी, एवढे पोहे कुणाला?"

"तुला बघायला लोक येणार हायत न्हवं?"

पोरगी हसून लोळली! मग पोहे खात तिनं समजावलं. कंपनीची सगळी माहिती डेटाबेसात असते, त्याला दिवसभर प्रश्न जातात, ही माहिती दे, ती दे असे. काही फसत होते, पण कुठले ते कळंना. म्हणून तिनं सेटिंग लावली, की फसलेला प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेव. तेच लॉग. चूक सापडली नाही तर हिला आजच पुण्याला ऑफिसात परत जावं लागणार होतं. मी शेजारी खुर्ची ओढून बसले, जसं काय मला कळतंय!

तीन वाजता सापडली. एका रकान्याचं नाव बदललेलं, प्रश्न जुन्याच नावानं जात होता. नात उद्यापर्यंत राहतीय!

मी म्हटलं, "माझाबी एक फसलेला प्रश्न लिहून ठेव की. दर फोनला विचारते, कधी येणार? तू म्हणतीस, बघू."

तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

तुमचा कुठला प्रश्न असा अडकलाय गं? लिहा की खाली.