खिडकीतला कप

आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी दुपारी आम्ही दहा-बाराजण येशूच्या जीवनाचा अभ्यास करतो. परवाचा भाग होता, त्याने कुष्ठरोग्याला हात लावला तो. नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता, मग येशूने स्पर्श का केला, यावर सगळे फार सुंदर बोलले. मीही बोलले आणि मनातून स्वतःवर खूश झाले.

मग चहा आला. चर्चचे संडास साफ करणाऱ्या रहेलबाई त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसल्या होत्या. त्यांनी ट्रेमधला कप उचलला, तेवढ्यात आमच्या सेक्रेटरीबाई हसून म्हणाल्या, "तुमचा कप वेगळा ठेवलाय हं, तिकडे खिडकीत."

रहेलबाईंनी कप खाली ठेवला. "हे सगळे कप मीच धुते, बाई," एवढंच म्हणून त्या सरळ बाहेर पडल्या.

मला त्या खोलीची शिसारी आली. इतकं गोड बोललेली आमची तोंडं बघवेनात. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांबरोबर मीही डोळे मिटले. माझा चहा मी तोवर पिऊन संपवला होता.