झिवानची मिशी आणि तीस किलोचा ॲम्प

आमच्या गावात लग्न म्हटलं की वाजवणाऱ्यांची एका दिवसात तीन बिऱ्हाडं होतात. सकाळी नवऱ्यामुलाच्या अंगणात, मग वरातीमागून नवरीच्या दारात, आणि मंडळी चर्चमधून परतली की मांडवात. तीनदा सामान उतरवा, तीनदा चढवा. अकॉर्डियनवाल्याचं काय जातं? पेटी गळ्यात अडकवली की तो मोकळा. मरण असतं ते गिटारवाल्याचं, आणि गिटारवाला झिवानसारखा असेल तर त्याच्या बायकोचंही.

झिवानचा ॲम्प तीस किलोचा. विटांच्या कारखान्यात त्याच्याबरोबर कामाला असलेल्या एका रेडिओवेड्या गड्याने तो त्याला बांधून दिलेला. आत काचेचे चार व्हॉल्व्ह, तळाशी लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि भोवती अक्रोडाच्या जाड फळ्या. असल्या ॲम्पचं एक असतं, बटण दाबलं म्हणून तो लगेच बोलत नाही. आधी व्हॉल्व्ह तापतात, तांबूस होतात, मग कुठे आवाज फुटतो. आणि एकदा तापला की वरची फळी अशी ऊबदार होते की देसांका तिच्यावर पिठाची परात ठेवायची. दर शुक्रवारी दुपारी झिवान सरावाला बसायचा आणि डोक्यावर फडकं घेतलेलं पोगाचा-पावाचं पीठ त्याच्या ॲम्पवर फुगत राहायचं. तो पाव शनिवारी नवरीच्या घरी जायचा. गावातल्या निम्म्या नवऱ्या झिवानच्या गिटारीवर फुगलेला पाव खाऊन सासरी गेल्या, असं गाव्रा म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

ॲम्पच्या दोन बाजूंना जुन्या ट्रंकेच्या दोन पितळी कड्या होत्या. एक झिवानची, दुसरी देसांकाची. तेहतीस वर्षं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती तेव्हाही शनिवार तिने कधी कुणाला दिला नाही. ती नवरीच्या घरी लाडकी पाहुणी, मांडवात पहिल्या बाकावर, आणि नवऱ्याने सूर कुठे चुकवला ते घरी येताना सांगणारी एकमेव बाई.

तर त्या सोमवारी गाव्रा आला. गाव्रा म्हणजे अकॉर्डियनवाला, मेळ्याचा म्होरक्या आणि गाडीचा मालक, त्यामुळे तिन्ही बाजूंनी शहाणा. त्याने काखेतून एक काळा डबा काढून टेबलावर ठेवला.

"उचल," तो म्हणाला. "दोन बोटांनी उचल. चार किलो. व्हॉल्व्ह नाहीत, काच नाही, तापत नाही. बटण दाबलं की बोलतो."

"बटण दाबलं की माझा दाढीचा रेझरही बोलतो," झिवान म्हणाला.

"हे बघ, तुझी ती तीस किलोची डुकरीण आता माझ्या गाडीत येणार नाही. परवा तिच्यापायी मागची स्प्रिंग गेली. शनिवारी हा घेऊन ये. नाहीतर मी गिटारशिवाय वाजवतो. लोक काही पैसे परत मागणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य झिवानच्या वर्मी लागलं. लागावं म्हणूनच गाव्रा बोलला होता म्हणा, पण इतकं नाही. झिवान त्रेसष्ट वर्षांचा. कारखान्याने घरी बसवलेला. अंगात जे काही राहिलं होतं ते सगळं त्या ॲम्पमधून येणाऱ्या आवाजात होतं, असं त्याला मनापासून वाटायचं. तो आवाज गेला तर उरतो तो पाठीला बाक आलेला एक पेन्शनर.

"अरे, डब्यातून डब्याचाच आवाज येणार," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांवर पट्टी बांध. दोन्ही वाजव. माझा ओळखला नाही तर ही मिशी उतरवतो."

आता झिवानची मिशी म्हणजे साधी मिशी नव्हे. लष्करातून परत आल्या दिवसापासून ती होती. देसांकाने त्याला मिशीशिवाय कधी पाहिलेलंच नव्हतं. गाव्रा एकदम खूश झाला.

"वहिनी, तू साक्षीदार. परीक्षाही तूच घे. हा माणूस मला घ्यायला देणार नाही, म्हणेल मी बटणं पिळली. ओळखलंस झिवान, तर स्प्रिंग मी बदलेन आणि डुकरिणीला गाडीत पुढच्या सीटवर बसवीन."

देसांका चुलीशी पाठमोरी उभी होती. "घेते," एवढंच म्हणाली. डाव्या हाताने पातेलं उतरवून ठेवलं. डाव्या हाताने. झिवानला तेव्हाच दिसायला हवं होतं. दोन महिने ती सगळं डाव्या हाताने करत होती, आणि तिच्या स्वेटरला कोबीचा वास येत होता. पण सप्टेंबर संपत आला की आमच्याकडे कुणाच्या घराला कोबीचा वास येत नाही? हिवाळ्यासाठी कोबी खारवून पिंपं भरायचे दिवस ते. आणि बायको रोज समोर असली की माणूस तिला बघायचंच सोडून देतो, हाही आमच्याकडचा एक रोगच आहे.

गुरुवारी दुपारी परीक्षा ठरली. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात देसांकाने दोरी बांधून चादर टांगली. दोन्ही ॲम्प चादरीपलीकडे. झिवानला तिने बाहेर काढलं.

"मी ओढून घेतो ना तो सॉकेटपाशी," झिवान म्हणाला. ॲम्पची विजेची वायर आखूड होती.

"तू आत आलास तर कुठला कुठे ठेवलाय ते दिसेल. जा, द्राक्षवेलीखाली बस. बोलावते."

तो बसला. आत काही तरी घासल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. व्हॉल्व्ह तापवत असेल, त्याने मनाशी म्हटलं, शहाणी आहे, घाई करत नाही.

बोलावल्यावर तो आत येऊन स्टुलावर बसला. गिटारची वायर चादरीखालून पलीकडे गेली. हाताला घाम आला होता. लोकांसमोर कधी आला नाही, बायकोसमोर आला.

"पहिला," चादरीमागून ती म्हणाली.

त्याने वाजवलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात जे पहिलं वाजलं होतं तेच वाजवलं, संथ, नवरीला दारातून बाहेर आणताना वाजवतात ते. आवाज स्वच्छ होता. स्वच्छ, पण धुतलेल्या ताटासारखा.

"आता दुसरा."

पुन्हा तेच. आणि या वेळी दोन सूर वाजले न वाजले तोच झिवानचे खांदे सैल झाले. गोल, दाट आवाज. तो वाजवतच राहिला. डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत, चादरीपलीकडून कोण बघतंय?

"हा," तो म्हणाला. "हा माझा. देसा, मी बहिरा झालो तरी हा मला पोटातून कळेल. बरोबर?"

चादरीची कड जरा हलली.

"बरोबर," देसांका म्हणाली. "ओळखलास." आणि चादरीच्या कडेने बाहेर येऊन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पिंपातलं पाणी बघून येते."

झिवानच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मिशीवरून हात फिरवत तो उठला. गाव्राला फोन करायचा होता, पण त्याआधी ॲम्पला शाबासकी द्यावी म्हणून तो चादर सारून आत गेला आणि सवयीने वरच्या फळीवर, पीठ फुगायच्या जागेवर, तळहात टेकला.

फळी गार होती.

त्याने तळहात तसाच ठेवला. नंतर मागे हात घातला. व्हॉल्व्ह गार. मग त्याला वायर दिसली. तिचा प्लग जमिनीवर पडला होता, सॉकेटपासून हातभर अंतरावर. फरशीवर ॲम्पच्या पायांनी ओढलेली रेघ होती, जेमतेम चार बोटं लांब. तेवढाच ओढता आला होता तिला. काळा डबा मात्र चालू होता, त्याची आवाज जाड करायची गुंडी शेवटपर्यंत फिरवलेली. आणि दोहोंच्या मध्ये, फरशीवर, कोबीचं एक पान पडलं होतं. लाटण्याने ठेचून मऊ केलेलं, सुकून पिवळं पडलेलं, खांद्याच्या गोलाईने वाकलेलं. आमच्याकडे सांधा धरला की बायका असं पान बांधतात. ताजं असेल तर समजावं आज बांधलं. हे रात्रभर बांधलेलं होतं.

झिवान स्टुलावर येऊन बसला. दोन्ही वेळा डबाच वाजला होता. आणि दुसऱ्या वेळी तो त्याच डब्यासाठी रडला होता.

मिशीचं दुःख आधी झालं, खोटं कशाला सांगा. कानाचं दुसरं. पण ती दोन्ही हळूहळू मागे पडली आणि ती चार बोटांची रेघ काही डोळ्यांपुढून हलेना. गेल्या शनिवारच्या लग्नात त्याने तिला सहा वेळा ती कडी धरायला लावली होती. चौथ्या वेळी ती मध्येच थांबली तेव्हा तो म्हणाला होता, "चल ग, लोक खोळंबलेत." आणि आज तिने खोटं बोलून पुढच्या सगळ्या शनिवारी तेच पुन्हा पदरात घेतलं होतं. का? तर म्हाताऱ्याची मिशी राहावी.

ती परत आली तेव्हा पान जिथल्या तिथे होतं आणि तो बाहेर गिटार पुसत होता. शब्दांच्या बाबतीत झिवान पहिल्यापासून गरीबच.

शुक्रवारी त्याने आखूड वायर काढून चार हात लांबीची नवी जोडली. ॲम्प होता तिथून हलवलाच नाही, प्लग सॉकेटपर्यंत पोचला. फळी तापली, देसांकाने परात ठेवली, पीठ फुगलं. नंतर ती पाव भाजायला बसली, तेव्हा मागच्या शेडमधून स्क्रू पिळल्याचा आवाज येत होता. काय चाललंय असं तिने विचारलं नाही. उद्या ॲम्प उचलायचा म्हणून खांद्याला नवं पान बांधत होती.

शनिवारी सकाळी गाव्राने फाटकाशी गाडी लावली. नवी स्प्रिंग घातली होती, पुढची सीट रिकामी ठेवली होती, आणि तोंड कडू करून घेतलं होतं. देसांकाने त्याला फोनवर निकाल सांगून टाकलेला. ती पांढऱ्या फडक्यात पाव घेऊन अंगणात उभी होती, चांगला निळा झगा घालून.

झिवान दारातून बाहेर आला.

गाव्राने आधी त्याला ओळखलंच नाही. ओठावरची कातडी इतर चेहऱ्यापेक्षा पांढरी, लहान बाळासारखी. वय कमी दिसत होतं की जास्त, ते सांगता आलं नसतं, पण कुणीतरी दुसराच माणूस दिसत होता.

"अरे," गाव्रा म्हणाला, "वहिनी तर म्हणाली तू ओळखलंस."

"वहिनी तुझी माझ्यावर जीव टाकते," झिवान म्हणाला. "दोन्ही वेळा तुझाच डबा वाजला. मला कळलं नाही. वर आवडला."

देसांकाने त्याच्या उघड्या ओठाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं, गुरुवारपासूनचं सगळं.

"पाठ गेली, दात गेले," ती हळू म्हणाली. "म्हटलं, निदान कान तरी राहू देत तुझे."

"खांदा दाखवायला सोमवारी आपण डॉक्टरकडे जातोय."

"आणि शनिवारी?" तिने विचारलं. "हलका डबा आला म्हणजे माझं काम संपलं. मी घरीच थांबायचं ना?" हीच ती भीती होती. कोबीची पानं तिने त्यासाठीच तर लपवली होती.

झिवान आत गेला आणि काळा डबा घेऊन आला. डब्याच्या दोन बाजूंना जुन्या ट्रंकेच्या दोन पितळी कड्या बसवल्या होत्या, स्क्रू जरा वाकडे. अक्रोडाच्या फळ्यांवर आता फक्त त्यांची भोकं उरली होती.

"चार किलोला दोन माणसं?" गाव्रा म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. लग्नालाच जातोय."

त्याने डावी कडी स्वतः धरली आणि तिचा डावा हात कडीला येईल अशा बाजूला तिला उभं केलं. देसांकाने पाव गाव्राच्या हातात कोंबला, कारण तिला डोळेही पुसायचे होते आणि कडीही धरायची होती, आणि हात एकच चांगला होता. तिने आधी कडी धरली.

फाटकापर्यंत वीस पावलं होती. मध्ये ती थांबली.

"दमलीस?" झिवानने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "जरा हळू चल."