कळलावीची राखण

"इथे पाय देऊ नका, खाली कुणीतरी आहे."

दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत, खिडकीखालच्या उघड्या वाफ्याकडे बोट दाखवून बाई हे इतक्या शांतपणे सांगत, की नवखा माणूस दचकून मागे सरे. हिवाळ्यात त्या वाफ्यात गवताची काडीही नसे.

खाली कळलावीचा कंद निजलेला असे. पावसाळ्यात त्याचा वेल वर येई, पानांच्या टोकांनी खिडकीचे गज धरी आणि लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुले देई. बाई रत्नागिरीकडच्या. त्यांच्या घरी गौरीचे हात याच फुलांचे करतात. दिल्लीच्या फूलबाजारात ती मिळत नाहीत. म्हणून नोकरी सांभाळून बाईंनी हे रानफूल इथे रुजवले.

आमच्या महाराष्ट्र मंडळात त्यांना भोळसट म्हणत. मला हे कधीच मान्य नव्हते. कळलावी दारात लावली की घरात भांडणे होतात, असे मंडळातल्या एका गृहस्थांनी त्यांना बजावले, तेव्हा मी तिथेच उभा होतो. बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या दारात तर तुळस आहे. मग परवा वहिनींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात कसा आला?"

थंडीत सारी वसाहत शेवंती आणि पिटुनिया लावी. बाई मात्र आपला वाफा कोरडा राखत. निजलेल्या कंदाला पाणी लागले की तो सडतो, आणि तो विषारी असल्याने मुलांना तिकडे फिरकू देणेही धोक्याचे. फुलणारे झाड कुणीही सांभाळील. न दिसणारे सांभाळायला बाईंचीच चिकाटी हवी.

निवृत्तीनंतर त्यांनी जानेवारीत क्वार्टर सोडले. माळ्याने कंद तोडला, बाई रडल्या आणि उरलेला कंद घेऊन गाझियाबादला मुलाकडे गेल्या, ही मंडळातली सर्वमान्य कथा. ती अर्धी चूक आहे. माझ्या मुलाचे क्वार्टर भिंतीला भिंत लागून. मी सारे डोळ्यांनी पाहिले.

टेम्पोत सामान चढत असताना माळ्याने वाफ्यात फावडे घातले, हे खरे. "मैडम, मुझे लगा खाली है," तो पुटपुटला.

"कोई बात नहीं भैया, दिखाओ."

त्यांनी दोन्ही तुकडे पदराने पुसले. एकाला कोंबाचा डोळा होता, दुसऱ्याला नव्हता. डोळ्याचा तुकडा त्यांनी पुन्हा मातीत आडवा ठेवला आणि आंधळा कुंडीत घातला.

"अहो, उलटे करताय. उगवणारा न्या," मी म्हणालो.

"मुलाकडे बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात तो टिकायचा नाही. इथे तुम्ही आहात. साऱ्या वसाहतीशी भांडाल, पण राखाल."

"मग हा कशाला नेता?"

"सूनबाईला सवय तर लागू दे."

त्या रडल्या नाहीत.

पावसाळ्याच्या आधीच बाई वारल्या. वाफ्याशी मात्र मी माळ्याला फिरकू दिले नाही, आणि वेल वेळेवर आला. भाद्रपदात क्वार्टरमधल्या नव्या रहिवाशांना विचारून मी फुले कापली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मेट्रोने गाझियाबादला नेली. सूनबाईंनी गौरीला हात बांधले. मग मला बाल्कनीत नेऊन त्यांनी ती कुंडी दाखवली. आत नुसती माती होती.

"काका, बिल्कुल काही आलं नाही अजून. पण आई म्हणाल्या होत्या, ही आपल्या मर्जीनं उठते. पुढच्या वर्षी येईल ना?"

"येईल," मी म्हणालो. त्या चहा टाकायला आत वळल्या. हिवाळ्यात वाफ्यातला एक डोळ्याचा कंद इथे आणायचा, तर तो आडवा मावायला हवा. मी कुंडीची रुंदी वितीने मोजून घेतली.